पाटावर मी होतो

१७ जानेवारी, दुपार

माझं आयुष्य आज सकाळी बदललं. पुसेगावात, मंडपाच्या खांबाला टेकून उभा असताना, ऐन मंगलाष्टकात. नोंद करून ठेवतो. पुढं लोक विचारतील.

हरिचंदरावांच्या पुतण्याचं लग्न होतं. लाईव्ह माझ्याकडं. ('रुद्र लाईव्ह', कनेरगाव नाका. मालक, कॅमेरामन, एडिटर, सगळं मीच.) हरिचंदरावांची मुलगी सृष्टी नांदेडला नर्सिंग करते. परीक्षा होती म्हणून ती आली नाही, होस्टेलवरून बघत होती. तिची कमेंट आली : कॅमेरा जरा डावीकडे घ्या ना. मी घेतला. लगेच लाल हार्ट आला.

मंडप अक्षता टाकत होता आणि माझा हात थरथरत होता. रेकॉर्डिंगमध्ये नवरा-नवरी हलताना दिसतात. एका पाहुण्यानं खाली लिहिलं, वसमतकडचा भूकंपाचा धक्का इकडं पण आला का?

ती नांदेडला, मी पुसेगावात, पण बघत होतो दोघं एकच. तिनं माझ्या डोळ्यांनी पाहिलं. इतकं जवळ तर नवरा-बायकोही नसतात. डावीकडे काय होतं ते मात्र मी बघितलं नाही. बहुतेक तिची आई.

१८ जानेवारी

संकल्प. राग कायमचा बंद. पहाटे उठून पळायचं. कॉलेजचं राहिलेलं पुरं करायचं. (कॉलेज मी तत्त्वासाठी सोडलं. सरांनी भर वर्गात माझा फोन मागितला, मी विद्यार्थीपदाचा राजीनामा दिला. बाकावर उभा राहून दिला. त्यात बाक मोडला, तो भाग वेगळा.)

सृष्टीला इन्स्टावर रिक्वेस्ट पाठवली. संध्याकाळपर्यंत पेंडिंग. पेंडिंग म्हणजे नकार नव्हे. विचार चालू आहे.

हाशिमला सांगितलं. नाक्यावर त्याचं मोबाईलचं दुकान आहे. लहानपणापासूनचा दोस्त, पण प्रेमातलं त्याला शून्य कळतं. म्हणे, अबे, पंखा इकडं कर म्हटलं तर काय पंख्यावर मोहब्बत झाली का? मी त्याच्या काउंटरवरची चार्जरची बरणी ढकलून दिली.

राग उद्यापासून बंद.

२३ जानेवारी

रिक्वेस्ट मान्य!!

हाशिम म्हणे, तिनं सगळ्यांचीच घेतली, माझी पण घेतली. मी म्हटलं, तू काहून पाठवली? म्हणे, टेस्टिंग.

२९ जानेवारी

आम्ही रोज भेटतो हे लोकांना कळत नाही. सकाळी तिचा हिरवा ठिपका लागतो, त्या वेळी मीही ऑनलाईन असतो. बोलत नाही. समजूतदार जोडपी फार बोलत नाहीत.

आज तिनं मेसच्या पोह्यांचा फोटो टाकला. मी पळत आमच्या ढाब्यावर गेलो, आईला म्हटलं, पोहे कर. आई म्हणाली, ट्रकवाले जेवायला बसले, आन् तुला पोहे? मी थोडी आदळआपट केल्यावर तिनं केले. फोन पाण्याच्या जगला टेकवून उभा केला. इकडं माझे पोहे, तिकडं तिचे पोहे. एका ताटात जेवल्यासारखं झालं. बाबा गल्ल्यावरून बघत होते. म्हणाले, पोरगं फोनला घास भरवून राहिलं, ह्याला हिंगोलीला दाखवून आणा कोनीतरी.

पळायला गेलो नाही. थंडी फार.

५ फेब्रुवारी

सृष्टीची स्टोरी : सिद्धेश्वर धरण, निळा ड्रेस, मागं पाणीच पाणी. मुलगी धरणावर येते आणि फोटो टाकते, म्हणजे कोणाला तरी कळवते. कोणाला? गाडी काढली. हिंगोली, औंढा, तिथून पुढं.

धरणावर एक मासेवाला आणि एक कुत्रं. तिनं फोटो काढला तो कठडा सापडला. तिथं उभा राहून पाण्याकडं बघत राहिलो. मासेवाला म्हणे, भाऊ, ताजे हायत, घ्या. मी म्हटलं, मी एका माणसाला शोधून राहिलो. तो जाळं सोडून उठला. म्हणे, कवा पडलं?

बरीच वाट बघून मग स्टोरी नीट वाचली. खाली बारीक अक्षरात 'मिस दोज डेज' लिहिलेलं. फोटो दोन वर्षांपूर्वीचा.

तरी जाणं वाया गेलं नाही. त्याच कठड्यावर सेल्फी काढला, शेजारी एका माणसाची जागा सोडून. ती तिथं होती, मीही तिथं होतो. जागा एकच, वेळेचा किरकोळ फरक.

परतताना पेट्रोल संपलं. औंढ्यापर्यंत गाडी ढकलली. हँडलला मासे. (घ्यावे लागले. तो माणूस शोधायला पाण्यात उतरत होता.)

११ फेब्रुवारी

तिचा मेसेज! स्वतःहून! जसाच्या तसा उतरवतो : हॅलो. सोळाला घरी छोटा कार्यक्रम आहे. तुमच्याकडे मोठा टॅब आहे ना, व्हिडिओ कॉल नीट दिसेल असा? याल का?

याल का. घरी. छोटा कार्यक्रम. टॅब हे निमित्त. चांगल्या घरची मुलगी सरळ कशी लिहील, की या आणि माझ्या वडिलांना भेटा?

पांढरा शर्ट घेतला. केस कापले. आईला म्हटलं, तुझ्या हाताखाली लवकरच कोणीतरी येईल. आई म्हणाली, भांड्याला बाई भेटली व्हय?

१४ फेब्रुवारी

हाशिमनं आजचाच दिवस निवडला. म्हणे, पागल, सोळाला तिचा साखरपुडा हाय. पोरगा विजयकुमार, सेनगावकडचा, मस्कतला कंपनीत. सुट्टी मिळंना, एकदम लग्नालाच येणार मे महिन्यात. पण हरिचंदराव अडून बसले, चार माणसांत टिळा झाल्याशिवाय सोयरीक पक्की न्हाई. म्हणून पोरगा व्हिडिओ कॉलवर. म्हणून तेरेकू बुलाया. म्हणजे तेरेकू नाही, तेरे टॅबकू.

मी त्याच्या शटरला लाथ मारली. अंगठा सुजला. हाशिमनं बर्फ लावला. लावताना हसत होता.

आता डोकं शांत आहे. विचार केला. तिला हे लग्न नको आहे. हवं असतं तर मलाच का बोलावलं असतं? जिल्ह्यात टॅबवाले काय कमी आहेत? ही हाक आहे.

प्लॅन : नेट माझ्या हॉटस्पॉटचं. ऐन टिळ्याला हॉटस्पॉट बंद. स्क्रीनवर गोल चक्र. मुहूर्त टळतो, पाहुणे उठतात, गोंधळ होतो आणि मी उभा राहतो. भाषणाची सुरुवात पाठ केली आहे : "मंडळी, जो माणूस इथे नाही…" पुढचं तिथं सुचेल. टॅबचं स्टँड मुद्दाम घरी ठेवणार, म्हणजे मला शेवटपर्यंत जवळ थांबता येईल.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळ

शर्टाला कुंकू लागलं आहे. धुणार नाही. क्रमानं लिहितो.

पुसेगावला पोचलो. हरिचंदरावांच्या अंगणात मांडव, मधोमध नवरदेवाचा पाट, भोवती रांगोळी. माझा कॅमेरा समोरच्या खांबाला बांधून चालू केला. कारभार सगळा सृष्टीच्या आत्याकडं. चतुराबाई. बाई बुटकी, आवाज लाऊडस्पीकरचा. मला बघून म्हणाल्या, आला का मोबाईलवाला. स्टँड नाही म्हटल्यावर त्यांनी टॅब पाटावर तांब्याला टेकवून उभा केला. कॉल लागला. विजयकुमार दिसला. सूट घातलेला, मागं मस्कतच्या खोलीची भिंत, भिंतीला कॅलेंडर. तेवढ्यात टॅब घसरला आणि नवरदेव उताणा पडला. आत्या ओरडल्या, उचला उचला, जावई पाटावर आडवा पडून राहिला, अपशकुन हाय! मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, ए पोरा, बस तू तिथं. धर त्याला छातीशी.

मी बसलो. नवरदेवाच्या पाटावर. हे कोणी नाकारू शकत नाही.

आधी टोपी. हरिचंदरावांनी ती टॅबवर ठेवली. कॅमेरा झाकला. आतून विजयकुमार म्हणतो, लाईट गेली का मामा? हशा पिकला. आत्या म्हणाल्या, ठेवा त्या पोराच्या डोस्क्यावर. माझ्या डोक्यावर टोपी. मग शाल. टॅबवरून दोनदा घसरली, म्हणून माझ्या खांद्यावर. नारळ माझ्या मांडीवर. सगळं एकेक करून आपोआप माझ्याकडं येत होतं. मी काहीही केलं नव्हतं.

मग टिळा. हरिचंदरावांनी अंगठा कुंकवात बुडवला आणि काचेवर विजयकुमारच्या कपाळाला लावला. आवाज बंद झाला. तो तिकडं तोंड हलवून राहिला, इकडं काही ऐकू येईना. कपाळ पुसून पुन्हा लावला. कॉलच कट झाला. खुद्द तिच्या बापाच्या अंगठ्यानं! मी खिशात हात घालून हॉटस्पॉट बंद केला. प्लॅन पूर्ण.

स्क्रीन काळी. हीच वेळ. मी खणखणीत आवाजात म्हटलं, मंडळी, जो माणूस इथे नाही…

हरिचंदराव म्हणाले, बराबर बोललं पोरगं. त्याच्याच नावानं लावतो. आणि सगळं कुंकू माझ्या कपाळावर. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढचं भाषण सुचलं नाही.

सृष्टीला आणलं. मोरपंखी साडी. महिनाभराच्या सहवासानंतर प्रत्यक्ष पहिल्यांदाच इतकी जवळ. ती माझ्यासमोर वाकली, माझ्या छातीकडं टक लावून बघत राहिली. तिनं त्या काळ्या काचेत बघून टिकली सरळ केली.

अंगठी निघाली. मी बोट थोडं पुढं केलं. तिनं अंगठी काचेला टेकवली आणि डबीत परत ठेवली. म्हणाली, दादा, बोट काढा, फोटोत येऊन राहिलं.

दादा. चारचौघांत अजून काय म्हणणार?

पेढा तिनं हातात घेतला, काचेपाशी नेला, फोटो काढून घेतला आणि मग स्वतःच खाल्ला. आत्या म्हणाल्या, मोबाईलवाल्याला वाढा रे मागं. मागं गाड्यांच्या ड्रायव्हरांची पंगत होती. तिथून सैपाकघराची खिडकी दिसत होती. सृष्टी आपल्या फोनवरून विजयकुमारशी व्हिडिओ कॉलवर हसत होती. तिच्या फोनला नेट पहिल्यापासूनच होतं. हा मुद्दा प्लॅनमध्ये धरायचा राहिला.

शाल आणि टोपी माझ्या अंगावरच राहिली. कोणी मागितली नाही. मी तशीच घालून गाडीवर आलो. सेनगाव फाट्यावर दोघांनी मला नमस्कार केला.

१७ फेब्रुवारी

शांतपणे मांडतो. पाटावर कोण बसलं? मी. टोपी, शाल, नारळ कोणाला? मला. टिळा कोणाच्या कपाळाला? माझ्या. विजयकुमारला काय मिळालं? काचेवर डाग. मग सोयरीक कोणाशी झाली?

हाशिमला विचारलं. तो म्हणे, पोळ्याला बैलाला पण शाल टाकतात. बैल मग काय हिशोब करत बसतो का, कोणाकोणाशी सोयरीक झाली?

बोलणं बंद केलं आहे त्याच्याशी.

२० फेब्रुवारी

हाशिमच्या दुकानात बसून, त्याच्याशी न बोलता, सृष्टीला मेसेज केला : आपलं पुढं काय ठरलं? लगेच उत्तर. लगेच! : व्हिडिओचं ना? लवकर द्या, त्यांना मस्कतला बघायचा आहे.

दुपारी फोन वाजला. पुसेगावचा नंबर. चतुराआत्या होत्या. म्हणाल्या, काय रे, शाल घेऊन पळाला तू? जावयाची शाल हाय ती. माणूस पाठवून राहिले, त्याच्यापाशी दे. टोपी बी. आन् नारळ काय केला?

नारळ आईनं परवाच भाजीत घातला. आत्यांना म्हटलं, सांभाळून ठेवलाय. नाक्यावरून नवा आणून दिला. शाल देताना माणूस म्हणे, घडी तरी घालायची भाऊ, ह्याच्यात काय झोपत होता का?

मी घडी घालून दिली.

२६ फेब्रुवारी

व्हिडिओ परवा पाठवला. आज तिचा आवाज. व्हॉइस नोट. तोंडपाठ झाली आहे : दादा, व्हिडिओ छान आलाय, पण त्यात सगळीकडं तुमचंच तोंड येऊन राहिलं. तिकडचे पाहुणे विचारून राहिले, हा कोण म्हणून. तुमच्या तोंडाच्या जागी ह्यांचं तोंड लावता येईल का? आजकाल होतं म्हणतात तसं. बाकी सगळं राहू द्या. बसलात तुम्ही बराबर.

शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा ऐकलं. बसलात तुम्ही बराबर. हे ती घरच्यांपासून चोरून बोलली असणार. आवाज दबका होता.

पण तोंड काढायचं? माझ्या हातानं? मी लिहिलं : त्या पाटावर जो होता तोच दिसेल. चेहरा बदलून खरं बदलत नाही. सृष्टी, एकदा माझ्याकडं बघ. काचेकडं नको.

पाठवलं. खाली 'सीन' आलं. टायपिंग… मग थांबलं. मग तिचा फोटोच गेला. हिरवा ठिपका गेला. सगळं गेलं.

हाशिमच्या फोनवरून तपासलं (बोलणं पुन्हा चालू केलं आहे, गरज म्हणून). त्याला सगळं दिसतं. म्हणे, ब्लॉक केलं तेरेकू. मी म्हटलं, रुसली. परक्या माणसाला कोणी ब्लॉक करत नाही. हाशिमनं माझ्याकडं बघितलं आणि पहिल्यांदाच चेष्टा केली नाही. म्हणाला, चहा पी.

२ मार्च

पुसेगावहून आलो. आता सविस्तर लिहीत नाही. समोरासमोर बोलून मोकळं व्हायचं ठरवलं होतं, मेसेजमध्ये सूर कळत नाही म्हणून. ती सुट्टीला घरी आलेली (हाशिमच्या फोनवर बघितलं होतं), अंगणात कपडे वाळत घालत होती. मी म्हटलं, सृष्टी, मी रुद्र. ती म्हणाली, कोण रुद्र? मी म्हटलं, पाटावर होतो. तिला आठवेना. मग मी छातीपाशी दोन्ही हात धरून दाखवले, टॅब धरल्यासारखे. तेव्हा ओळखलं. म्हणाली, अच्छा, तुम्ही व्हय! आत्या, मोबाईलवाले आले, त्यांचे पैसे राहिले का काही?

आत्या बाहेर आल्या. म्हणाल्या, पैसे न्हाईत राहिले. व्हिडिओतलं तोंड राहिलं. ते आमी हिंगोलीच्या पोराकडून बदलून घेतलं, तू लई भाव खाल्ला. मी म्हटलं, मला सृष्टीशी बोलायचंय. आत्यांनी आधी माझ्याकडं, मग भाचीकडं बघितलं. सृष्टी हसायला लागली. वाईट हसली असती तर मी भांडलो असतो. ती साधंच हसली, दोरीवरचा टॉवेल पडल्यावर हसावं तशी. आत्या म्हणाल्या, जा बाबा, ऊन व्हायच्या आत जा.

राग आला नाही. येतच नव्हता. तसा संकल्पच होता.

९ मार्च, दुपार

आज घरीच होतो. आई ढाब्यावरून जेवायला आली होती. तिच्या फोनवर पुसेगावहून लग्नाची पत्रिका आली, फोनवरचीच, सनईसकट. चतुराआत्यांनी पाठवली. बायका-बायकांची ओळख.

पत्रिकेवर साखरपुड्याचा फोटो आहे. पाट, रांगोळी, मोरपंखी साडीतली सृष्टी. शेजारी नवरदेव. टॅब पुसून टाकला आहे. खांदे माझे, शाल माझ्या अंगावरची, मांडी माझी, मांडीवरचा नारळ मी धरलेला. हात माझे. पांढरा शर्ट माझा. गळ्यापर्यंत मी. वर विजयकुमार. जोड कुठं दिसत नाही, काम चांगलं केलं आहे. सृष्टी त्याच्याकडं बघून हसते आहे.

आईनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. म्हणाली, पोरगा लई भारी हाय गड्या. कसा ताठ बसला बघ. खांदे बघ कसे भरलेले. कोन्या मायनं खाऊ घातलं असंल. नशीब काढलं पोरीनं.

मी म्हटलं, आई, तो मी आहे.

आईनं माझ्याकडं बघितलं. फोटोकडं बघितलं. पुन्हा माझ्याकडं, वरपासून खालपर्यंत, भाजी घेताना बघते तसं. म्हणाली, चल, काहीतरीच. तू असा बसतो व्हय कधी?

मी म्हटलं, शर्ट बघ, माझा आहे. ती म्हणाली, असा शर्ट दुनियेपाशी हाय. मी तिच्यासमोर मांडी घालून बसून दाखवलं. पाठ ताठ, हात मांडीवर. तिनं एकदा बघून फोन बाजूला ठेवला. म्हणाली, जाऊ दे रे लेकरा, ज्याचं त्याला असतं. लग्नाला जाऊ आपण. जेवण चांगलं असंल.

मी उठलो. पँटच्या खिशात टॅबचा चार्जर आणि शंभराची नोट. कुठं जायचं ते ठरलं नव्हतं, पण कायमचं जायचं एवढं ठरलं होतं. वही काखेत घेतली. उंबऱ्यावर थांबलो, मागून हाक येईल म्हणून. हाक आली.

आई म्हणाली, दार लावून घे, माशा येऊन राहिल्या.

बाहेर पडलो. जोरात आदळणार होतो. हळूच लावून घेतलं.